दाढ दुखण्याआधी



बैलबाजारात गेलेला माणूस काय करतो, हे मी तुम्हांला सांगायला नको. तो खोंडाची चाल बघतो, खांदा बघतो, शिंगं बघतो. पण पैशांची बोलणी सुरू करण्याआधी जबडा उघडून दात बघितल्याखेरीज राहत नाही. आदत आहे की दुसा, चौसा आहे की जुळला, हे एका नजरेत सांगणारी माणसं गावोगाव आहेत. दलाल कितीही गोड बोलू दे, दातांपुढं त्याचं काही चालत नाही. आता याच माणसाला विचारावं, "पाटील, तुमच्या धाकट्या पोराच्या तोंडात दात किती? त्यांतले दुधाचे किती आणि कायमचे किती?" पाटील डोकं खाजवतात. बैलाचं तोंड ज्यानं शंभर वेळा उघडून पाहिलं, त्यानं आपल्या लेकराचं तोंड एकदाही उजेडाकडं धरून पाहिलेलं नसतं. यात पाटलांचा फार दोष आहे असं मी मानत नाही. बैलाचे दात बघायला वाडवडिलांनी शिकवलं. माणसाचे दात दुखत नसतानाही बघायचे असतात, हे कोणी शिकवलंच नाही.

मी तालुक्याच्या गावी गेली तीस-बत्तीस वर्षं दातांचं काम करतो आहे. माझ्या खुर्चीत येऊन बसणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "डॉक्टर, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, एवढी दाढ काढून टाका." 'दुखत काही नाही, सहज बघून घ्या' असं म्हणत आलेली माणसं मला बोटांवर मोजता येतील. त्यांत दोन शिक्षक, एक पोस्टमन आणि एक आजीबाई. आजीबाईंना नातवाच्या लग्नाआधी कवळी करून घ्यायची होती, म्हणजे त्याही तशा सहज आल्या होत्या असं नाही.

दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी माझीच गोष्ट सांगतो. मी तिसरीत असताना खालची डावीकडची दाढ ठणकू लागली. वडील म्हणाले, "दुधाची आहे, पडून जाईल." आईनं दाढेखाली धरायला लवंग दिली. ठणका थांबला. चार महिन्यांनी परत आला, परत लवंग, परत थांबला. असं दोन वर्षं चाललं. शेवटी गाल सुजून डोळा झाकला, तेव्हा तालुक्याला नेऊन दाढ उपटली. दाढ गेली, दुखणं गेलं, सगळे सुखी. पुढं दातांच्या कॉलेजात गेलो आणि 'सहाव्या वर्षीची दाढ' हे प्रकरण वाचायला घेतलं, तेव्हा पुस्तक तसंच उघडं ठेवून मी आरशापुढं जाऊन उभा राहिलो. पडून जाईल म्हणून ज्या दाढेची आम्ही दोन वर्षं वाट पाहिली, ती दुधाची नव्हतीच. ती जन्मभराची होती. आजही त्या जागी पोकळी आहे, मागची दाढ तिच्यात कलंडली आहे, आणि वरची दाढ खाली टेकायला काही नाही म्हणून हळूहळू उतरत आली आहे. दातांचा डॉक्टर असून मी भाकरी उजव्या बाजूनं चावतो.

ही सहाव्या वर्षीची दाढ काय आहे, ते नीट समजून घ्या. गुरुजींनी तर मुद्दाम समजून घ्यावं, कारण ती त्यांच्या डोळ्यांदेखत उगवते. मूल सहा-सात महिन्यांचं झालं की खालचे पुढचे दोन दात डोकावतात. अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात पुरे होतात. इथवर आईचं लक्ष असतं. मग मूल पहिलीत बसतं त्या सुमारास या वीस दातांच्या मागं, अगदी कोपऱ्यात, वर दोन आणि खाली दोन अशा चार दाढा मुकाट्यानं उगवतात. त्यांच्यासाठी एकही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळं घरात कोणाला पत्ता लागत नाही. त्याच वेळी पुढचे दात पडत असतात, म्हणून या दाढाही पडणाऱ्यांपैकीच, असा सगळ्यांचा समज होतो. पण त्या कायमच्या असतात. चावण्याचा मोठा भार पुढं जन्मभर त्यांच्यावरच असतो, आणि बाकीचे दात आपापल्या जागी येतात तेही त्यांच्या आधारानं.

तोंडात आलेल्या दाढेचा माथा गुळगुळीत नसतो. नुकत्याच टाकी लावलेल्या जात्यासारख्या त्याच्यावर घळी असतात. त्यांतल्या काही इतक्या अरुंद की ब्रशचा केसही आत शिरत नाही, पण बिस्किटाचा भुगा मात्र शिरतो. त्यात मूल सहा वर्षांचं. त्याचं दात घासणं म्हणजे पुढच्या चार दातांवरून बोट फिरवणं. म्हणून मुलांच्या तोंडात कायमच्या दातांपैकी पुष्कळदा हीच दाढ पहिल्यांदा किडते. दुखायच्या आधी ती कोणी पाहिली, तर या घळी बुजवून टाकणारा एक पातळ लेप दंतवैद्य लावतात. टोचणं नाही, कोरणं नाही, दहा-पंधरा मिनिटांचं काम. वरच्या कवचात बारीक कीड लागली असली तरी ती साफ करून तिथं सिमेंट भरता येतं. माझ्या दाढेला एवढंच हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, दात किडू लागला की दुखायला नको का? दुखलं की जाऊ दाखवायला. हिशेब बरोबर वाटतो, पण दाताची घडणच अशी आहे की तो उशिरा बोलतो. दाताचं बाहेरचं पांढरं कवच हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, हाडापेक्षाही कठीण. पण त्याच्यात ना रक्त, ना संवेदना. त्याच्या खाली जरा मऊ, पिवळसर थर असतो, आणि अगदी आत गाभा. या गाभ्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. कीड कवचातून जाते तेव्हा काही कळत नाही. दुसऱ्या थरात शिरली की थंड पाणी किंवा गोड लागून झिणझिण्या येतात. तेवढ्यापुरतं आपण दुसऱ्या बाजूनं खातो आणि विसरतो. ठणका सुरू होतो तो कीड गाभ्याशी पोचल्यावर. कणगीतला पोखरलेला दाणा आठवा. वरून भोक सुईच्या टोकाएवढं, आणि दाबला की आत सगळं पीठ. दाढ ठणकू लागते तेव्हा तिची अवस्था तशी झालेली असते. मग साधं सिमेंट भरून भागत नाही. गाभा काढून मुळं साफ करावी लागतात, दोन-तीन खेपा होतात, खर्च कितीतरी पट होतो. नाही तर दाढ काढायची. आणि पुष्कळदा मध्येच ठणका आपोआप थांबतो. माणूस म्हणतो, "लवंगेनं गुण आला." लवंगेच्या तेलानं वेदना खरोखर बधिर होते, ते खोटं नाही. पण ठणका कायमचा थांबला, तर बहुधा आतला गाभा मेलेला असतो, आणि मुळाशी पू धरू लागलेला असतो. खालच्या दाढेचा हा पू गळ्याकडं उतरला तर श्वास कोंडून जिवावर बेतू शकतं. जबड्याखाली सूज, गिळायला त्रास आणि ताप असं दिसलं, तर शेक देत घरी बसू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

दाण्याचा दाखला दिला खरा, पण दाताच्या बाबतीत एक फरक आहे. दाण्यात किडा असतो. दातात किडा नसतो. जत्रेत 'दाताची कीड काढून देतो' म्हणणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तोंडात धुरी देतात, आणि मग पाण्यात बारीक पांढरं काहीतरी वळवळताना दाखवतात. माझ्या लहानपणी मीही तोंड वासून ते पाहिलं आहे. पाण्यात दिसतं ते बहुधा बियांतलंच असतं, दातातलं नव्हे. ही समजूत आपल्याकडचीच आहे असंही नाही; युरोपातही शेकडो वर्षं लोक दातातल्या किड्यावर विश्वास ठेवत होते. पॅरिसचे पिएर फोशार यांनी १७२८ साली दातांच्या वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात सांगितलं की आपल्याला असा किडा कुठं दिसला नाही. खरा उलगडा व्हायला त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षं लागली. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं १८९० साली दाखवून दिलं की तोंडातले सूक्ष्म जंतू पिठूळ आणि गोड पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दाताचं कवच विरघळवतं.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. गोड खाल्लं की काही मिनिटांत दातावर आम्ल तयार होतं. मग लाळ हळूहळू ते धुऊन काढते आणि विरघळलेले क्षार थोडे परतही भरते. याला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणजे मुलानं जेवणाबरोबर पुरणपोळी खाल्ली, तर दातावर एक हल्ला झाला आणि तो परतला. पण तीच साखर दहा गोळ्यांच्या रूपानं दिवसभर चघळली, तर दाताला सावरायला उसंतच मिळत नाही. गोड किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे दाताला जास्त बाधतं. चहात बुडवलेलं बिस्किट तर दाढेच्या घळीत लिंपून बसतं. पुष्कळ आया सांगतात, "आम्ही साखर देत नाही, गूळ देतो." गुळाचे गुण असतील ते असोत, जंतूंना साखर आणि गूळ सारखेच गोड. रात्री झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून झोपण्याआधी दात घासणं सकाळच्या घासण्यापेक्षा महत्त्वाचं. आणि तान्ह्याच्या तोंडात साखर घातलेल्या दुधाची बाटली देऊन त्याला निजवणं, हे वरच्या चारही पुढच्या दातांचं एकदम वाटोळं करणं आहे. 'दुधाचेच तर आहेत' म्हणून ते सोडून देऊ नका. दुधाचा दात खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून बसलेला असतो. तो अवेळी गेला की शेजारचे सरकतात, आणि येणारा दात वेडावाकडा येतो.

हिरड्यांचं थोडक्यात सांगतो. घासताना रक्त येतं, म्हणून माणूस तिथं घासायचं सोडतो, आणि नेमकं तिथंच किटण साचतं. किटण दगडासारखं घट्ट झालं की ते ब्रशानं निघत नाही, दंतवैद्याकडं जाऊन काढून घ्यावं लागतं. नुसती हिरडी सुजली असेल तर ती पुरती बरी होते. पण तिच्या खालचं हाड एकदा झिजलं की ते आपणहून भरून येत नाही. 'दात साफ करून घेतले की हलायला लागतात' हा समज मला रोज ऐकावा लागतो. मोडक्या भिंतीला चिकटून वाढलेला वेल काढला आणि भिंत हलली, तर वेलानं भिंत धरली होती असं आपण म्हणू. पण भिंत मोडली तीही वेलानंच. मधुमेह असणाऱ्यांनी हिरड्यांकडं जास्त लक्ष द्यावं, कारण मधुमेहानं हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळं रक्तातली साखरही आटोक्यात राहायला जड जाते. गरोदरपणात हिरड्या सुजतात, त्याही दाखवाव्यात. दाढ काढल्यानं नजर जाते, ही भीती मात्र मनातून काढून टाका. वरच्या दाढेचा आणि डोळ्याच्या नजरेचा असा काही धागा नाही. म्हातारपणी दोन्ही एकाच सुमारास जातात, एवढाच संबंध.

आता ज्यासाठी मी हे भाषण करायचं कबूल केलं, ती गोष्ट सांगतो. ती सांगायला मला बरं वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी जवळच्या गावचे एक गुरुजी माझ्याकडं आले. तंबाखूची सवय होती; चिमूट डाव्या गालात धरायची. त्या दिवशी बाजार होता, बाहेर रांग लागली होती. गुरुजींची डावीकडची दाढ हलत होती. ते म्हणाले, "एवढी काढा, डॉक्टरसाहेब, दुपारच्या शाळेला पोचायचं आहे." मी दाढ काढली, कापूस दिला, पुढच्या माणसाला आत घेतलं. गाल उलटून पाहिला नाही. जीभ उचलून पाहिली नाही. सव्वा वर्षानं गुरुजी परत आले ते गालात बोटाएवढी खोल जखम घेऊन. सात-आठ महिने होती म्हणाले. "दुखत नव्हती, म्हणून आलो नाही." मुंबईला शस्त्रक्रिया झाली, जबड्याचा एक भाग काढावा लागला, शेक झाले. पावणेदोन वर्षांनी गुरुजी गेले. मी दाढ काढली त्या दिवशी त्या गालावर पांढरा डाग होता की नव्हता, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. मी पाहिलं असतं तर कळलं असतं. त्या दिवसापासून दाढ कितीही ठणकत असो, सगळं तोंड पाहिल्याशिवाय मी तिला हात लावत नाही.

कारण तोंडाचा कर्करोग बहुधा एकाएकी येत नाही. पुष्कळदा त्याच्याआधी खुणा दिसतात: गालावर, जिभेच्या कडेला किंवा ओठाच्या आत पुसून न जाणारा पांढरा अगर लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तिखट लागताच तोंडाची आग होणं, तोंड उघडायला कमी कमी होत जाणं. शेवटची खूण सुपारी आणि गुटखा खाणाऱ्या तरुण पोरांत मी पुष्कळ पाहतो. आपली तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांच्या मध्ये शिरली पाहिजेत. दोनच शिरत असतील तर ताबडतोब दाखवा. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी आणि तंबाखू काही गेली नाही. आणि आपल्या घराघरांतली मशेरी! दात घासायच्या पावडरींत तंबाखू घालायला सरकारनं १९९२ सालीच मनाई केली. पण तव्यावर तंबाखू भाजून घरी केलेल्या मशेरीला कोण अडवणार? बायका तिला तंबाखू मानतच नाहीत. "तंबाखू नाही हो, नुसती मशेरी लावते," असं सांगतात. सकाळी एकदा लावायची ती पुढं चार-पाच वेळा होते. एका मावशींच्या खालच्या ओठाच्या आत, जिथं मशेरी टेकते तिथं, पांढरा चट्टा सापडला. त्या आल्या होत्या दुसऱ्याच दाताची तक्रार घेऊन. तुकडा तपासला, कर्करोग नव्हता. मावशींनी मशेरी सोडली. तीन महिने चिडचिड केली, सुनेशी भांडल्या, पण सोडली. वर्षाच्या आत चट्टा जवळजवळ गेला. अजूनही त्या दर चार-सहा महिन्यांनी येऊन तोंड दाखवून जातात आणि येताना शेवग्याच्या शेंगा आणतात.

गावोगाव जाऊन नुसतं तोंड पाहिल्यानं काय होतं, याचं उत्तर आपल्याच देशात मिळालेलं आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासून १९७२ साली आपलं निवेदन प्रसिद्ध केलं. पुढं १९९६ पासून केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या तेरा पंचायतींमध्ये मोठी पाहणी झाली. काही पंचायतींत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन दर तीन वर्षांनी लोकांची तोंडं पाहिली, काहींत पाहिली नाहीत. डॉक्टर नव्हेत, यंत्र नव्हे; उजेड आणि शिकवलेले डोळे. २००५ साली निष्कर्ष बाहेर आला, तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशानं कमी झालेले दिसले.

मग दात दाखवायचे तरी किती दिवसांनी? 'दर सहा महिन्यांनी' हे तुम्ही ऐकलं असेल. या आकड्यामागं शास्त्रापेक्षा वहिवाट अधिक आहे. अमेरिकेत १९३० च्या सुमारास एका टूथपेस्टच्या जाहिरातीत, तीही रेडिओवरच, वर्षातून दोनदा दंतवैद्याकडं जा असं सांगत असत. १९७७ साली लंडनच्या ऑब्रे शेहॅम यांनी जाहीरपणे विचारलं की या सहा महिन्यांना आधार काय? २०२० मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीचा निकाल लागला. सुमारे २,४०० प्रौढ माणसांना चार वर्षं तपासलं. सहा महिन्यांनी येणारे आणि आपापल्या जोखमीप्रमाणं कमी-जास्त दिवसांनी येणारे, यांच्या हिरड्यांत आणि दातांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पण ही माणसं आधीपासून नेमानं तपासून घेणारी होती. ज्या माणसाच्या तोंडात पन्नास वर्षांत कोणी डोकावलंच नाही, त्यानं या निकालाचा आधार घेऊन घरी बसू नये. माझं मत विचाराल तर मुलांना वर्षातून एकदा तरी दाखवावं, आणि सहाव्या वर्षी नक्की. तंबाखू, मशेरी, सुपारी असणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी सहा महिन्यांनी. ज्याचे दात-हिरड्या धड आहेत आणि व्यसन नाही, त्याला डॉक्टर स्वतःच सांगतील की वर्षा-दीड वर्षानं आलात तरी चालेल. तसं जे सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

गुरुजनहो, आता तुमच्याकडं वळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही महाराष्ट्रात, पालघरला. त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत आणि दोनदा अंगणवाडीत येतं, आणि त्यांच्या तपासणीत दातही असतात. पण पथक येतं त्या दिवशी मुलगा गैरहजर असतो, नाही तर चिठ्ठी दप्तरात राहते. तेव्हा पथकाच्या चिठ्ठ्यांची एक वेगळी वही ठेवा. कोणाला पाठवलं, कोण जाऊन आलं, कोण राहिलं. बाकीच्या दिवसांत तुम्हांलाही पुष्कळ दिसू शकतं. सकाळच्या उन्हात मुलांना आ करायला लावा. तोंडात बोट घालू नका, नुसतं पाहा. पहिली-दुसरीच्या मुलाच्या अगदी मागच्या दाढेवर काळा ठिपका दिसला, तर त्याच्या घरी निरोप धाडा, आणि निरोपात 'ही दाढ दुधाची नाही' हे शब्द जरूर घाला.

आणखी एक गोष्ट तुम्हांलाच आधी दिसेल. एकाच वस्तीतल्या पुष्कळ मुलांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग असतील, तर ती घासण्यातली हयगय नव्हे. मुलांना त्यावरून रागावू नका. बहुधा विंधनविहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांना हा त्रास आहे. एक लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असू नये, अशी मर्यादा आहे. ग्रामपंचायतीला सांगून पाणी तपासायला पाठवा. दाताचे डाग जाणार नाहीत, पण पुढं याच पाण्यानं हाडं आणि सांधे आखडतात, ते टळेल. असं पाणी नसेल तिथं मात्र फ्लोराइडची टूथपेस्ट दाताला चांगली: तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढं वाटाण्याएवढी. राखुंडी, कोळसा, विटेचा चुरा यांनी दात चकचकीत दिसतात ते कवच घासलं जातं म्हणून.

मैदानावर कबड्डीत एखाद्याचा कायमचा दात मुळासकट निसटला, तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरच्या टोकानं धरा, मातीचा असेल तर क्षणभर पाण्याखाली धरा, वाटीभर दुधात टाका आणि मुलासकट दंतवैद्याकडं निघा. अर्ध्या-एक तासात पोचलात तर तो परत रुजण्याची आशा असते. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नसतो.

तपासायला जायचं कुठं? बहुतेक उपजिल्हा रुग्णालयांत आणि कित्येक ग्रामीण रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक असतात. तुमच्या भागात ते कोणत्या वारी बसतात, हे आशाताईंना विचारून ठेवा, म्हणजे हेलपाटा वाचेल. तपासणीला आरसा, एक सळई आणि दहा मिनिटं लागतात. दात, हिरड्या, दोन्ही गाल, टाळू, जीभ आणि जिभेखालची जागा, शेवटी मानेवरच्या गाठी चाचपायच्या, की झालं. डॉक्टरनं गाल उलटून पाहिला नाही, तर तुम्हीच म्हणा, "साहेब, गालही बघा." राग येणार नाही. आला तर येऊ दे. येताना उपाशी पोटी येऊ नका, साखरेच्या गोळ्या चुकवू नका, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं पाकीट बरोबर आणा. आणि आलाच आहात तर धाकट्यालाही घेऊन या. तो पहिलीत असेल ना?